घासलेटाचा वास

रोहिदास वारघडेचं गॅरेज मोखाड्याच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक जांभळाचं झाड आणि त्या झाडाखाली तेलानं काळीकुट्ट झालेली जमीन. पण पेट्रोलच्या गाडीचा कारबुरेटर खोलून तो पुन्हा चालता करणारा तालुक्यात तो एकटाच. वडापच्या जीपांची कामं करणारे आणखी दोघं होते, पण ती डिझेलची कामं, हातोडा आणि ताकदीची. ठाण्याला एका उस्तादाच्या हाताखाली अकरा वर्षं काढून रोहिदास गावाकडे परतला होता, आणि येताना एक ख्याती घेऊन आला होता. गाडी चालू करायला सांगायची, बोनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि खोट कुठे आहे ते सांगून टाकायचं. दहांतल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळेचं लोकांनी कधी मनावर घेतलं नाही, आणि हळूहळू रोहिदासनंही घेणं सोडून दिलं.

गावात मुलींचं वसतिगृह चालवणारी एक संस्था होती. तिचे सचिव गोतारणे गुरुजी. संस्थेकडे एक पांढरी मारुती व्हॅन होती. आजारी मुलीला दवाखान्यात न्यायचं, जव्हारहून किराणा आणायचा, गुरुजींना बैठकांना पोचवायचं, असली कामं ती करायची. तिचा ड्रायव्हर मंगळू हा वावर गावाजवळच्या वांगणीचा. त्याच्या पाड्यात लायसन काढलेला तो पहिलाच माणूस. त्याआधी सगळ्या पाड्यासारखा तोही दिवाळी सरली की बायकोमुलीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परतायचा. नोकरी लागली तशी ही जा-ये थांबली. चार वर्षं त्याच्या घराला दिवाळीनंतर कडी लागली नव्हती. मुलगी हर्षदा तिसरीत होती आणि एका जागी बसून तिसरीपर्यंत पोचलेली पाड्यातली ती एकटी पोर होती. हे मंगळू कुणालाही, विषय कुठलाही असो, सांगून मोकळा व्हायचा.

मंगळू वसतिगृहाच्या आवारात, व्हॅन लावायच्या जागेमागच्याच खोलीत राहायचा आणि रविवारी घरी जायचा. येताना नवशीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिलेल्या नागलीच्या भाकऱ्या आणायचा आणि त्यातली एक तरी रोहिदासच्या वाट्याला यायची. दोघं एका वयाचे, दोघांचे बाप दुसऱ्याच्या बांधावर राबलेले. गाडीचं काम नसलं तरी मंगळू जांभळाखाली येऊन उलट्या डब्यावर बसायचा आणि रोहिदासचे हात काय करतात ते बघायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं, म्हणून मंगळूनं व्हॅन रोहिदासकडे सर्व्हिसिंगला सोडली आणि गावी गेला. रोहिदासनं तेल बदललं, पॉइंट घासले, कारबुरेटर उतरवून घासलेटमध्ये धुतला, पुन्हा चढवला. गाडी उत्तम चालली. पंधरा-वीस दिवस गेले आणि मंगळू तक्रार घेऊन आला. रस्त्यावर पळताना गाडीचं काही म्हणणं नव्हतं, पण उभी राहिली की थरथरायची. सीटखालचं इंजिन आचके दिल्यासारखं करायचं आणि पाय काढला की बंद पडायचं. वसतिगृहाच्या फाटकात उभी करून मुली चढेपर्यंत तीन-तीनदा चावी मारावी लागायची.

"दिवाळीत तू हात लावलास ना, तवापासून हाय ह्ये," मंगळू म्हणाला.

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. ताप कधीपासून आहे ते डॉक्टरला सांगावं तसं त्यानं सांगितलं होतं. पण रोहिदासला ते लागलं. अकरा वर्षं ठाण्यात काढलेल्या माणसाला, कालपरवापर्यंत विटा थापणाऱ्यानं गाडीचं शिकवावं याचं त्याला हसूही आलं. आणखी थोडी चालव, कचरा असेल तर निघून जाईल, असं सांगून त्यानं मंगळूला वाटेला लावलं. मंगळू आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा रोहिदासनं उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा स्लोचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला आणि त्याला परत पाठवलं.

डिसेंबरात एकदा गुरुजींना कुणा मोठ्या पाहुण्यांसमोर व्हॅननं दगा दिला. फाटकातच ती बंद पडली आणि पाहुण्यांना हात लावून ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः व्हॅनमधून गॅरेजवर आले.

गोतारणे गुरुजींनी रोहिदासला सातवीत शिकवलं होतं. ठाण्याला पळण्याआधी आठवीत तो नापास झाला तेव्हा त्यांनीच भर वर्गात म्हटलं होतं की हा कुठेतरी बशा धुणार. हे गुरुजी विसरले असतील, रोहिदास विसरला नव्हता. आज तेच गुरुजी त्याच्या जांभळाखाली खुर्चीवर बसले होते आणि विचारत होते, "रोहिदास, तुझं मत काय? तू सांगशील ते खरं."

त्यानं सीट उचलली आणि गाडी चालू ठेवून प्लगच्या वायरी पकडीनं एकेक करून काढल्या. एखादा सिलिंडर मेलेला असता तर त्याची वायर काढल्यावर आवाज बदलला नसता. इथे तिन्ही वायरींना आवाज सारखाच पडला, म्हणजे तिघांनाही कमी पडत होतं, एकट्याचा दोष नव्हता. मग त्यानं प्लग काढून पाहिले. टोकं पांढुरकी होती, भाजून निघाल्यासारखी. इथेच खरं तर त्यानं थांबायला हवं होतं. पांढरं टोक म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, हे उस्तादानं त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण गुरुजी बघत होते, चहा येऊन निवत चालला होता, आणि काहीतरी ठाम सांगायची वेळ झाली होती. त्यानं नळी सोडवून थोडं पेट्रोल कामाच्या पत्र्याच्या ताटात काढलं, बोटं बुडवली आणि नाकाशी नेली.

"घासलेट आहे," तो म्हणाला.

गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांनीही ताटाजवळ वाकून वास घेतला. वास होताच, कुणालाही कळला असता.

"पेट्रोलमध्ये घासलेट आपोआप येतं का रे?"

"आपोआप कसं येईल, गुरुजी."

एवढंच तो बोलला. मंगळूचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच बजावत राहिला. पण व्हॅनची चावी एकट्या मंगळूकडे असायची, पेट्रोल तोच भरून आणायचा, आणि तो तिथेच चार पावलांवर उभा होता. गुरुजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा नाव घ्यायची गरजही उरली नव्हती.

मंगळू आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. त्यानं टाकीला हात लावून शपथ घेतली, पोरीची शपथ घेतली. मग तो रोहिदासकडे वळला. रेशनचं घासलेट निळं असतं, ह्या पेट्रोलला निळा रंग दिसतो का, एवढंच सांग, असं त्यानं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. ताटातल्या पेट्रोलला निळसर छटा नव्हती. रोहिदासनं ताटाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं.

"थोडं मिसळलं तर रंगावरून कळत नाही," तो म्हणाला.

मंगळूनं ताटावरची नजर काढली आणि तो व्हॅनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी संस्थेचा शिपाई कागद घेऊन आला. गाडीच्या पेट्रोलमध्ये घासलेटची भेसळ आढळली, असं एका ओळीत मेकॅनिकनं लिहून द्यावं, समितीपुढे ठेवायला लागेल, असा निरोप होता. रोहिदासनं लिहून दिलं. खाली सही केली, तारीख टाकली, आणि आपला साधा स्टँडजवळचा धंदा, पण समितीपुढे आपला कागद जातो, ह्याचं त्याला त्या घटकेला बरंही वाटलं. मग त्यानं टाकी रिकामी करून धुतली, नवं पेट्रोल भरलं, प्लग घासले आणि स्लोचा स्क्रू चांगला दीड वेढा आत घेतला. गाडी जोरात घुमत उभी राहू लागली. थरथर त्या आवाजात बुडून गेली. रोग निघाला, असं सगळ्यांनी मानलं आणि रोहिदासनंही मानलं.

आठवड्याभरात मंगळूला काढलं. त्याच्या जागी गुरुजींचा भाचा दिपेश आला. मंगळूनं खोली रिकामी केली आणि जाताना गॅरेजसमोरून गेला, पण थांबला नाही. बातमी त्याच्याआधी वांगणीला पोचली होती. संक्रांतीच्या आत नवशी, हर्षदा आणि तो, तिघं भिवंडीकडच्या ट्रकमध्ये बसले. घराला कडी लागली.

हे रोहिदासला त्याच्या बायकोकडून, कमूकडून कळलं. आठवड्याच्या बाजारात तिला वांगणीकडच्या बायका भेटल्या होत्या. मंगळूनं संस्थेचं पेट्रोल विकून खाल्लं म्हणे, असं त्या सांगत होत्या, आणि नवशीनं पाणवठ्यावर यायचं सोडलं होतं असंही. रोहिदास जेवत होता. त्यानं हूं केलं आणि भात कालवत राहिला.

फेब्रुवारीच्या मधल्या एका दुपारी दिपेशनं व्हॅन आणून लावली. पुन्हा तेच. उभी राहिली की थरथरते, पूर्वीपेक्षा जास्त, आणि आता पेट्रोलही भयंकर पिते. पेट्रोल मी स्वतः पंपावर उभं राहून भरतो, पावती गुरुजींना दाखवतो, असं त्यानं न विचारताच सांगितलं. चावी रोहिदासच्या हातात टाकून तो तहसील कचेरीत कुणा मित्राकडे निघून गेला.

रोहिदास एकटा होता. कुणी बघत नव्हतं, म्हणून असेल, त्या दिवशी त्यानं काम नीट केलं. स्क्रू फिरवून आवाज खाली आणला आणि गाडीला मोकळेपणानं थरथरू दिलं. प्लग पाहिले, पुन्हा तीच पांढरी टोकं. ह्या खेपेला तो थांबला. हवा जास्त होते आहे तर ती शिरते कुठून, असा विचार करत तो वाकला. कारबुरेटर जिथे खालच्या नळकांड्यावर बसतो तिथे इंजिनाच्या धडधडीखाली एक बारीक सुस्कारा ऐकू येत होता. त्यानं तेलाची कुपी घेतली आणि त्या सांध्याभोवती थेंब थेंब तेल सोडत गेला. मागच्या कोपऱ्यात तेल पडलं, आणि इंजिन एकदम शांत झालं. थरथर गेली. दोन-तीन श्वासांत आतल्या ओढीनं तेल शोषून घेतलं आणि गाडी परत आचके देऊ लागली. पुन्हा तेल सोडलं, पुन्हा शांत.

तिथे काय आहे ते बघायला कारबुरेटर उतरवायचीसुद्धा गरज नव्हती. ते त्यानंच बसवलं होतं. दिवाळीत कारबुरेटर काढताना सांधा हवाबंद ठेवणारं खालचं पॅकिंग फाटलं होतं. नवं मिळणार नाशिकला. सुट्टीच्या दिवसांत कोण जातो म्हणून त्यानं बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, तेलात भिजवून घातला होता. पुढच्या खेपेला नाशिकहून आणू आणि बदलू, असं ठरवलं होतं. मंगळूला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि नंतर तो ते साफ विसरला होता. पुठ्ठा उष्णतेनं आटला होता आणि त्याचा एक कोपरा आत ओढला गेला होता.

गाडी बंद करून तो झाडाला टेकून बसला. मग घासलेट कुठून आलं होतं? पुठ्ठ्यानं थरथर येईल, घासलेटचा वास कसा येईल? वास तर गुरुजींनीसुद्धा घेतला होता. ह्या विचारानं त्याला क्षणभर धीर आला. मंगळूनं केलंच असेल, दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात. त्यानं उठून व्हॅनची नळी सोडवली आणि ह्या वेळी धुतलेल्या काचेच्या बाटलीत पेट्रोल काढलं. बाटलीला पेट्रोलचाच वास होता, दुसरा कसलाही नाही. दिपेशचं पेट्रोल पावतीचं होतं. मग त्यानं तेच पेट्रोल बाटलीतून पत्र्याच्या ताटात ओतलं, बोटं बुडवली आणि नाकाशी नेली.

घासलेट.

त्या ताटात तो रोज घासलेट घेऊन सामान धुवायचा. दिवाळीत तो कारबुरेटरही त्यातच धुतला होता. कडेच्या घडीत मळ आणि घासलेट कायमचं मुरलं होतं. त्या ताटात विहिरीचं पाणी ओतलं असतं तरी त्याला घासलेटचाच वास आला असता.

दिपेश परत आला तोवर रोहिदासनं नवा पुठ्ठा कापून तात्पुरता बसवला होता. दोन दिवसांनी नाशिकला जाऊन तो खरं पॅकिंग घेऊन आला आणि चढवलं. व्हॅन नव्यासारखी उभी राहू लागली. काय झालं होतं असं दिपेशनं विचारलं, तेव्हा हवा घेत होती, एवढंच त्यानं सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस तो गप्प राहिला. त्याचं कामात लक्ष लागेना. एका मास्तरच्या स्कूटरचा नट त्यानं उलटा पिळून तोडला. शेवटी त्यानं कमूला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली की सांगायचं होतं तर त्याच दिवशी सांगायचं. आता सांगून मंगळू भट्टीवरून येणार नाही, गुरुजी भाच्याला काढणार नाहीत, फक्त आपलं गॅरेज जाईल. तिचं चुकत होतं असं रोहिदासला म्हणता आलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरुजींच्या घरी गेला.

गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं. पुठ्ठ्यापासून ताटापर्यंत त्यानं काहीही न लपवता सांगितलं आणि मंगळूला परत घ्या असं म्हटलं. गुरुजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझा कागद फायलीला लागलाय," ते म्हणाले. "समितीनं ठराव केलाय. आता तू म्हणतोस, चुकलं. उद्या म्हणशील, आज म्हणालो ते चुकलं."

"मी दुसरा कागद लिहून देतो, गुरुजी."

"तो कुठे लावू? आणि दिपेशला काय सांगू, घरी जा म्हणून?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "शिवाय असं बघ रोहिदास, ज्याला पेट्रोल कुठलं आणि घासलेट कुठलं ते कळत नाही, त्याच्याकडे मी संस्थेची गाडी कशाला पाठवू?"

घरी येताना रोहिदासला कळून चुकलं की गुरुजी त्या दिवशी गॅरेजवर खुर्ची टाकून बसले होते ते उत्तर मनात घेऊनच बसले असावेत. त्यांना फक्त ते कुणाच्या तरी तोंडून हवं होतं. पण ह्या विचारानं त्याला हलकं वाटलं नाही. कागदावरची सही गुरुजींची नव्हती.

व्हॅन त्या दिवसापासून आली नाही. त्या आठवड्यात दोन मास्तरांनीही आपल्या गाड्या जव्हारला नेल्या.

मंगळू ज्या भट्टीवर होता ती भिवंडीच्या पुढे खाडीच्या काठाला होती. शोधायला रोहिदासला एक अख्खा दिवस लागला. पहिल्या दोन भट्ट्यांवर मंगळू नावाची माणसं होती, पण ती दुसरीच. तिसऱ्या भट्टीवर त्याला आधी हर्षदा दिसली. उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या विटा ती ओळीनं उलटवत चालली होती, दोन्ही हातांनी, अगदी सवयीनं. तिनं त्याला ओळखलं आणि चिखलाचे हात फ्रॉकला पुसून बापाला हाक मारायला पळाली.

मंगळू विटांसाठी मळलेल्या गाऱ्यात उभा होता, मांड्यांपर्यंत माखलेला. तो बाहेर आला. त्यानं पाणी विचारलं, विटांच्या थप्पीवर बसायला जागा केली. रोहिदासनं उभ्यानंच सांगितलं. सांगताना तो गाऱ्याकडे बघत होता.

ऐकून झाल्यावर मंगळूनं पायावरचा चिखल हातानं निपटून काढला.

"मी तुला काय सांगलेलं?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपासून आहे, असं."

"किती डाव सांगलेलं?"

"तीन डाव."

"मग?"

रोहिदासकडे उत्तर होतं. मंगळू ड्रायव्हर होता आणि तो मेकॅनिक. मंगळू विटा थापणारा होता आणि तो ठाण्याहून शिकून आलेला. पण हे त्या माणसापुढे बोलण्यासारखं नव्हतं.

"मला वाटलं, मला कळतं," तो म्हणाला.

मंगळूनं मान हलवली. "गुरुजी माझं आयकायचे नव्हते, ते मला ठावं होतं. तू आयकशील वाटलेलं."

नवशी थोड्या अंतरावर साच्यात गारा भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. साचा उलटा केला, वीट सुटी केली, पुन्हा भरला. तिचा हात एकदाही थांबला नाही.

मुकादम लांबून बघायला लागला तसा मंगळू उठला. नोकरी परत मिळणार नाही हे त्यानं न विचारताच ओळखलं होतं. त्यानं एकच गोष्ट मागितली. होळीला सगळा पाडा घरी येतो. भट्टीवरचेही दोन दिवसांसाठी येतात. तिथे यायचं आणि सगळ्यांसमोर हे बोलायचं. "माझ्या भावाच्या घरचे पण माझ्या हातचं पानी घेताना इचार करतेत," तो म्हणाला. रोहिदासनं येतो म्हटलं.

तो गेला. होळीच्या दिवशी जव्हारला जीप बदलून वावरपर्यंत, आणि तिथून पायी. ऊन उतरायला लागलं तेव्हा पोचला. होळीची लाकडं उभी केली होती, बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, पोरांची धावपळ चालली होती. पाड्यातला जाणता माणूस लक्ष्या म्हाताऱ्यानं त्याला मधे उभं केलं आणि माणसांना गप्प बसायला लावलं.

रोहिदास बोलला. एकदा कमूसमोर, एकदा गुरुजींसमोर आणि एकदा भट्टीवर बोलून हे सोपं झालं असेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नव्हतं. पॅकिंग म्हणजे काय, ते हवा कसं घेतं, हे त्यांना कळेल असं सांगायला त्यानं सुरुवात केली. मग त्यानं ते सोडून दिलं आणि सरळ सांगितलं की वास माझ्या ताटाला होता, मंगळूच्या पेट्रोलला नव्हता. मी न बघता बोललो. मंगळूनं काही खाल्लेलं नाही.

मंगळू एका बाजूला, भावाच्या शेजारी, जमिनीकडे बघत उकिडवा बसला होता.

लक्ष्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मग त्याची नोकरी त्याला कवा भेटंल?"

"नाही मिळणार," रोहिदास म्हणाला. "तिथे दुसरा माणूस लागलाय."

"मग तुझ्या सांगन्याचं काय करायचं आमी?"

म्हाताऱ्यानं हे टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. मागून कुणीतरी ढोलावर थाप मारून पाहिली, कुणीतरी त्याला दटावलं.

तेवढ्यात नवशी पुढे आली. भट्टीवर ती बोलली नव्हती, इथे बोलली, तेही मोठ्यानं नाही.

"चोर म्हनायचे तवा निदान वाटायचं, काईतरी खाल्लं म्हनून गेलं," ती म्हणाली. "आता कायच नाय खाल्लं, तरी गेलं."

ती बायकांत जाऊन बसली. थोड्या वेळानं ढोल खरोखरच वाजू लागला. मंगळूच्या भावानं कुणाच्या सांगण्यावाचून रोहिदासला पानावर भात आणि भाजी आणून दिली. तो दोन घास जेवला आणि उठला. उजेड होता तोवर वावर गाठायचं होतं.

मंगळू त्याच्याबरोबर पाड्याच्या टोकापर्यंत आला. खाली उतरणारी पायवाट सुरू होते तिथे रोहिदास थांबला. दिवसभर जुळवलेलं वाक्य त्यानं एकदाचं बोलून टाकलं. भट्टीचा हंगाम संपला की मोखाड्याला ये, गॅरेजात माझ्याबरोबर बस, काम शिकवतो, जे येईल ते अर्धं अर्धं. गॅरेजात हल्ली अर्धं करण्याइतकंही येत नव्हतं, हे त्यानं सांगितलं नाही.

मंगळूनं खाली दरीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "तुझ्या हाताखाली मला पाना धरवायचा नाय."

"हाताखाली नाही. बरोबरीनं."

"नको, रोहिदास."

त्याच्या आवाजात राग उरला नव्हता. रोहिदासला वाटलं, आता तो आणखी काही बोलेल. पण मंगळू वळला आणि ढोलाच्या दिशेनं चालू लागला. त्याच्या चालीत घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे वांगणीच्या माणसांना घेऊन ट्रक भिवंडीकडे परत गेला, आणि त्यात मंगळू, नवशी आणि हर्षदा होती, असं कमूला पुढच्या बाजारात कळलं. हर्षदाचं नाव शाळेच्या पटावरून कमी केलं होतं. त्यानंतर मंगळूनं पुन्हा कधी गाडी हातात घेतली नाही. लायसनची मुदत संपली ती त्यानं वाढवून घेतली नाही. पावसाळ्यानंतर रोहिदासनं गॅरेजचे पत्रे उतरवून विकले आणि जव्हारला दुसऱ्याच्या गॅरेजात महिन्याच्या पगारावर कामाला लागला.